विश्लेषण : टिटवीचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा मोठे कसे? पक्ष्यांच्या अंड्यांचे आकारमान नेमके कशावर ठरते?

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, निर्मळ, वाघोली, भुईगाव, कळंब या गावांमध्ये उन्हाळा लागला की टिटवीची ओरड रात्री-अपरात्रीही ऐकू येते. भात कापून मोकळ्या झालेल्या खाचरात, बावखलाच्या काठाला किंवा बांधकामासाठी सपाट केलेल्या जागेत ती थेट जमिनीवर अंडी घालते. त्याच सुमारास वाडीतल्या आंब्यावर कावळ्याचे घरटे असते आणि अनेकदा त्यात कोकिळेचेही अंडे असते. तिन्ही पक्षी एकाच गावात, एकाच हवेत राहतात. तरीही तिघांच्या अंड्यांत मोठी तफावत आहे. अंगाने मोठा असलेल्या कावळ्याचे अंडे टिटवीच्या अंड्यापेक्षा लहान असते. असे का होते? आणि भोवतालचे वातावरण बदलले तर अंडेही बदलते का?

तीन शेजाऱ्यांची अंडी किती वेगळी?

मराठीत ‘आकार’ हा शब्द ठेवण आणि माप या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. इथे प्रश्न मापाचा, म्हणजे आकारमानाचा आहे. टिटवीचे अंडे सरासरी ४२ मिलिमीटर लांब आणि ३० मिलिमीटर रुंद असते. गावकावळ्याचे अंडे साधारण ३७ बाय २७ मिलिमीटर, तर कोकिळेचे सुमारे ३० बाय २३ मिलिमीटर भरते.

पक्षी अभ्यासक अंड्याचे घनफळ काढण्यासाठी एक सोपे सूत्र वापरतात : लांबी गुणिले रुंदी गुणिले रुंदी गुणिले ०.५१. त्यानुसार टिटवीचे अंडे सुमारे १९ घन सेंटिमीटर, कावळ्याचे १४ आणि कोकिळेचे ८ ते ९ घन सेंटिमीटर येते. आता पक्ष्यांची वजने पाहू. कावळा साधारण ३०० ग्रॅमचा, तर टिटवी आणि कोकिळा दोन्ही २०० ग्रॅमच्या आसपासच्या. म्हणजे जवळपास सारख्या वजनाच्या दोन पक्ष्यांपैकी एकीचे अंडे दुसरीच्या दुपटीहून मोठे आहे. टिटवी चार अंडी घालते. त्या चारांचे एकत्रित वजन तिच्या स्वतःच्या वजनाच्या दोन पंचमांशांजवळ जाते.

ही मापे कुठून आली?

भारतीय पक्ष्यांच्या अंड्यांची मोजदाद एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर झाली. ब्रिटिश सनदी अधिकारी ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी देशभरातील हौशी संग्राहकांकडून घरट्यांच्या आणि अंड्यांच्या नोंदी गोळा केल्या. ‘नेस्ट्स अँड एग्ज ऑफ इंडियन बर्ड्स’ या त्यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती यूजीन ओट्स यांच्या संपादनाखाली १८८९-९० मध्ये तीन खंडांत निघाली. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातही जुनी अंडी जतन केलेली आहेत. आज अशी अंडी गोळा करता येत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचे नुकसान करणे आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे यांचा समावेश आहे.

टिटवीला मोठे अंडे का लागते?

याचे उत्तर पिल्लात आहे. कावळ्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा उघडेनागडे आणि आंधळे असते. पुढचे सुमारे चार आठवडे ते घरट्यात बसून आईबापांनी आणलेले खाते. टिटवीचे पिल्लू मात्र अंगावर लव घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मते. अंग वाळले की काही वेळातच ते पायांवर उभे राहते आणि स्वतः किडे टिपू लागते. टिटवीचे घरटे म्हणजे जमिनीवरचा एक उथळ खळगा. तिथे कुत्रा, मुंगूस, साप, घार, कावळा कोणीही पोहोचू शकतो. त्यामुळे पिल्लाने लवकरात लवकर तिथून निघणे हाच बचाव.

अशा ‘चालत्या’ पिल्लाची जी वाढ कावळा घरट्यात करून घेतो, त्यातली बरीच टिटवीला अंड्याच्या आतच पूर्ण करावी लागते. त्यासाठी जास्त शिदोरी हवी. ती शिदोरी म्हणजे पिवळा बलक. घरट्यात वाढणाऱ्या पिल्लांच्या अंड्यात बलकाचा वाटा साधारण १५ ते २५ टक्के असतो, तर चालत्या पिल्लांच्या अंड्यात ३० ते ४० टक्के. उबवणीचा काळही वाढतो. कावळ्याची अंडी सोळा-सतरा दिवसांत फुटतात, टिटवीच्या अंड्यांना २८ ते ३० दिवस लागतात.

या नियमाचे टोकाचे उदाहरण न्यूझीलंडमधील किवी हा पक्षी आहे. त्याचे एक अंडे मादीच्या वजनाच्या १५ ते २० टक्के असते. बाहेर आलेले पिल्लू पहिले काही दिवस पोटात उरलेल्या बलकावरच काढते, आईबाप त्याला भरवत नाहीत. उलट शहामृगाचे अंडे जगातील जिवंत पक्ष्यांत सर्वांत मोठे, सुमारे १.४ किलोचे असले, तरी मादीच्या वजनाच्या तुलनेत ते दोन टक्केही भरत नाही. म्हणजे पक्षी मोठा झाला की अंडे मोठे होते, पण त्याच प्रमाणात नाही.

कोकिळेचे अंडे इतके लहान का?

कोकिळा घरटे बांधत नाही, उबवत नाही, भरवतही नाही. हे सारे काम ती कावळ्यावर सोपवते. तिच्या दृष्टीने एकाच अंड्यात फार गुंतवणूक करण्यापेक्षा एका हंगामात वेगवेगळ्या घरट्यांत जास्त अंडी टाकणे फायद्याचे. शिवाय लहान अंडे लवकर पिकते. कोकिळेचे पिल्लू १२ ते १४ दिवसांत, म्हणजे कावळ्याच्या पिल्लांच्या आधी बाहेर येते आणि भरवण्यात आघाडी मिळवते.

पाणवनस्पतींनी झाकलेल्या तळ्यांवर दिसणाऱ्या लांब शेपटीच्या कमळपक्ष्याने तिसराच मार्ग काढला आहे. त्याच्यात मादी अंडी घालते आणि नर ती उबवून पिल्ले सांभाळतो. मोकळी झालेली मादी दुसऱ्या नरासाठी पुन्हा चार अंडी घालते. थोडक्यात, अंडे किती मोठे हे ठरवताना पिल्लू किती तयार होऊन निघणार, धोका किती आणि पुढचा खर्च कोण उचलणार, हे तीन हिशेब एकत्र होतात.

उष्ण आणि थंड प्रदेशांतील अंड्यांत फरक असतो का?

असतो, आणि हा पक्षिशास्त्रातील जुना प्रश्न आहे. विषुववृत्ताकडे येत जावे तशी गाणाऱ्या लहान पक्ष्यांच्या अंड्यांची संख्या कमी होते. युरोपातील मोठी वल्गुली एका वेळी सात ते नऊ अंडी सहज घालते, तर तिची भारतीय नातलग राखी वल्गुली साधारण चार ते सहा. ब्रिटिश पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये याची सांगड अन्नाशी घातली. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस मोठा असल्याने आईबापांना भरवायला जास्त तास मिळतात, म्हणून ते जास्त पिल्ले पोसू शकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. कोस्टारिकात काम करणाऱ्या अलेक्झांडर स्कच यांनी १९४९ मध्ये दुसरी बाजू मांडली. उष्ण प्रदेशात घरटी लुटणारे प्राणी जास्त असतात आणि घरट्याकडे जितक्या फेऱ्या, तितके ते त्यांच्या नजरेत भरते. त्यामुळे तिथे थोडी पिल्ले परवडतात.

संख्या कमी असल्याने उष्ण प्रदेशातील अंडी पक्ष्याच्या मानाने मोठी असतात, असे बरीच वर्षे मानले गेले. मात्र सारखीच संख्या असलेल्या जातींतही आकारमान खूप वेगळे निघत होते. अमेरिकी संशोधक थॉमस मार्टिन यांनी २००८ मध्ये व्हेनेझुएलातील ३६, अर्जेंटिनातील १६ आणि ॲरिझोनातील २० जातींच्या अभ्यासातून वेगळे उत्तर दिले. त्यांच्या मते कळीचा मुद्दा हवेचे तापमान हा नसून अंड्याचे तापमान हा आहे.

अंड्याचे तापमान आणि आकारमान यांचा संबंध काय?

अंडे किती उबदार राहते, हे आईबाप त्यावर किती वेळ बसतात यावर अवलंबून असते. उष्ण प्रदेशातील अनेक लहान पक्षी घरट्यावर कमी वेळ बसतात. त्यामुळे बाहेर उकाडा असूनही त्यांचे अंडे सरासरीने थंड राहते. थंड अंड्यातील गर्भ हळू वाढतो, त्याला जास्त दिवस लागतात आणि तेवढे दिवस जगण्यासाठी जास्त ऊर्जाही लागते. ही वाढीव शिदोरी देण्यासाठी अंडे मोठे होते, अशी मार्टिन यांची मांडणी आहे. उत्तरेकडील पक्षी गारव्यातही अंड्यांवर चिकटून बसतात. त्यांचा गर्भ लवकर वाढतो आणि लहान अंड्यात भागते.

उबवणी यंत्र पाहिलेल्यांना हे लगेच पटेल. कोंबडीच्या अंड्यांसाठी यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान राखतात. ते थोडे घसरले तरी पिल्ले उशिरा निघतात. तापमान बराच वेळ ४० अंशांच्या वर राहिले तर मात्र गर्भ मरू शकतो.

हिवाळी पाहुण्यांची अंडी कशी असतात?

अर्नाळा, कळंब, भुईगावच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी लहान पाणपक्ष्यांचे थवे उतरतात. त्यातला छोटा टिलवा जेमतेम २५ ते ३० ग्रॅमचा, चिमणीएवढा. तो अंडी इथे घालत नाही. त्याची वीण उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रा प्रदेशात होते. तिथे मादी आठवडाभरात सुमारे सहा ग्रॅमची चार अंडी घालते. म्हणजे स्वतःच्या वजनाएवढी अंडी काही दिवसांत. कारण तिथला उन्हाळा अगदी तोकडा असतो आणि पिल्लाला पहिल्या दिवसापासून थंडीत स्वतः खाणे शोधायचे असते.

ही अंडी तयार करायला लागणारे द्रव्य पक्षी दक्षिणेतून चरबीच्या रूपाने नेतात का, हा प्रश्न होता. २००१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईशान्य कॅनडातील दहा जातींच्या पिल्लांच्या पिसांतील कार्बनच्या समस्थानिकांवरून अंडी टुंड्रातील अन्नापासूनच बनतात, असे दिसले. पण तिथपर्यंत पोहोचण्याचे बळ मात्र वाटेतल्या आणि हिवाळी मुक्कामाच्या चिखलपट्ट्यांवरच मिळते.

एकाच जातीच्या पक्ष्यांत फरक का पडतो?

घरी गावठी कोंबड्या पाळणाऱ्यांना ठाऊक असते, की नव्याने अंड्यावर आलेल्या तलंगेची पहिली अंडी लहान असतात आणि वयाप्रमाणे वाढत जातात. कडक उन्हाळ्यात अंडी लहान आणि पातळ कवचाची होतात. उकाड्याने कोंबडी खाणे कमी करते आणि धापा टाकते. धापा टाकल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम कार्बोनेट बनवणे कठीण होते.

वन्य पक्ष्यांत मात्र वेगळी गोष्ट समोर येते. ज्युलियन ख्रिश्चन्स यांनी २००२ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. एकाच जातीत सर्वांत मोठे अंडे सर्वांत लहान अंड्यापेक्षा किमान दीडपट आणि कधी दुप्पट असते. पण हा फरक मुख्यतः एका मादीपासून दुसऱ्या मादीपर्यंतचा. एकच मादी दरवर्षी जवळपास त्याच मापाची अंडी घालते आणि हे माप बऱ्याच अंशी आनुवंशिक असते. जादा अन्न देऊन पाहिलेल्या २८ पैकी १८ अभ्यासांत अंड्याच्या मापावर लक्षणीय परिणाम झाला नाही. जिथे झाला, तिथेही वाढ १३ टक्क्यांच्या पुढे गेली नाही. अंड्यांच्या मापातील एकूण फरकापैकी सामान्यतः १५ टक्क्यांहून कमी भागच अंडे तयार होतानाच्या तापमानाने स्पष्ट होतो.

याचा अर्थ, वातावरण अंड्याचे माप घडवते ते हजारो पिढ्यांच्या निवडीतून. एखाद्या टिटवीला यंदा जागा बदलली म्हणून यंदाच वेगळ्या मापाचे अंडे घालता येत नाही.

टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस कळतो का?

टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जोरदार, जितकी अंडी तितके महिने पाऊस, असे ग्रामीण महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सांगितले जाते. मात्र चिखल्या, टिलवे, टिटव्या या कुळांत चार अंडी हा जवळपास ठरलेला आकडा आहे. त्यांची अंडी एका टोकाला निमुळती असतात. टोके आत करून ठेवली की चार अंडी घट्ट बसतात आणि टिटवीच्या अंगाखाली मावतात. कमी दिसली तर मादीचे घालणे अजून संपलेले नसते किंवा एखादे अंडे कोणी पळवलेले असते. उंचवटा निवडण्यामागेही भोवती नजर ठेवता येणे आणि पाणी न साचणे ही साधी कारणे असू शकतात. अंड्यांची संख्या पुढच्या चार महिन्यांच्या पावसाचे भाकीत ठरत नाही.

तापमान वाढले तर अंडी बदलतील का?

थंड प्रदेशात थोडा बदल नोंदला गेला आहे. फिनलंडच्या उत्तर भागात वसंत ऋतू उबदार होत गेला तशी एका माशीमार पक्ष्याची अंडी किंचित मोठी झाल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले होते. पण पक्षी बदलतात ते जास्त करून वेळापत्रक. शिकागोच्या संग्रहालयातील शंभर वर्षांपूर्वीच्या अंड्यांच्या नोंदी आजच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर ७२ पैकी सुमारे एक तृतीयांश जाती सरासरी २५ दिवस आधी अंडी घालत असल्याचे २०२२ मध्ये समोर आले.

कोकणच्या उन्हाळ्यात अडचण उलटी आहे. इथे अंडे उबवण्यापेक्षा गार ठेवणे कठीण. एप्रिल-मेच्या दुपारी उघडी जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तेव्हा टिटवी अंड्यांवर बसते ती सावली धरण्यासाठी. ती जवळच्या पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. नर आणि मादी पाळीपाळीने हे काम करतात. एक महिनाभर, रोज.

निर्मळ-वसईसाठी याचा अर्थ काय?

वसईच्या वाड्यांना पाणी देणारी बावखले, म्हणजे गोड्या पाण्याची लहान तळी, हा या भागाचा वेगळा वारसा. केळी, फुले, पानवेली आणि भाजीपाला त्यांच्यावर पोसला गेला. नळाचे पाणी आले, जमिनीचे भाव वाढले आणि गेल्या काही दशकांत अनेक बावखले बुजली. मोकळी खाचरे आणि खाजणेही भरावाखाली गेली. याची चर्चा बहुतेक वेळा पाणी तुंबण्याच्या आणि विहिरी खारट होण्याच्या अंगाने होते, आणि ती योग्यच आहे. टिटवीच्या बाजूने पाहिले तर आणखी एक हिशेब दिसतो. जवळचे पाणी गेले, की पोट भिजवून आणायला लांब जावे लागते आणि तेवढा वेळ दोघांपैकी एकाचीच मदत उरते. अंड्याचे माप, उबवणीचे २८ ते ३० दिवस आणि पिल्लाचे चालत निघणे हे सारे ओलसर, मोकळ्या जमिनीला धरून घडलेले आहे. ती जमीन एका उन्हाळ्यात बदलते. अंडे त्या वेगाने बदलू शकत नाही.

सामान्य माणूस काय करू शकतो?

मोकळ्या जागेत टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालू लागली, तर जवळपास अंडी किंवा पिल्ले आहेत असे समजावे आणि आलेल्या वाटेने मागे फिरावे. अंडी मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची असतात. पायाखाली येईपर्यंत ती दिसत नाहीत. मोबाइलवर फोटो काढण्यासाठी भर दुपारी जवळ थांबू नये. टिटवी दूर राहिली, की अंडी थेट उन्हात उघडी पडतात आणि कावळ्यांनाही जागा कळते. शेतात किंवा बांधकामाच्या जागेवर अंडी सापडली तर ती उचलून दुसरीकडे ठेवू नयेत. काही पावलांवर चार काठ्या रोवून तेवढा तुकडा महिनाभर सोडून द्यावा आणि कामगारांना तशी कल्पना द्यावी. अंगणात कुत्रा असेल तर तो बांधून ठेवावा. वाडीत बावखल असेल तर उन्हाळ्यात त्याचा एखादा काठ उथळ आणि मोकळा राहील, एवढे पाहिले तरी पाणकोंबडीपासून टिटवीपर्यंत अनेकांची सोय होते.